दोन सरासऱ्यांमधली तफावत

‘सरासरी’ हा शब्द मराठीत फारसीच्या वाटेने आला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सारे जमेस धरून, असा त्याचा मूळ भाव आहे. ‘तफावत’ हाही त्याच दप्तरी कुळातला. महसुलाचा हिशेब लिहिणाऱ्या कारकुनांच्या हाताखाली हे दोन शब्द इतका दीर्घ काळ शेजारी शेजारी नांदले, की यंदाची सरासरी इतकी, गुदस्तांची तितकी, सबब तफावत अमुक, असे वाक्य लेखणीतून आपोआप उतरावे. परंतु ती तफावत मुळात आहे की नुसती भासते, म्हणजे दोन वावरांच्या अंगच्या गुणांतच भेद आहे की त्याच वावरांत उद्या पुन्हा कापणी केली असता आकडे सहज उलटले असते, हा प्रश्न विचारण्याचा शिरस्ता नव्हता. कारण बांधालगतचे पीक वेगळे आणि मध्यावरचे वेगळे हे प्रत्येक कुणब्याला ठाऊक असले, तरी त्या वेगळेपणाची मोजदाद करून मोजक्या नमुन्यांवरून निवाडा देण्याचे साधन कोणाच्याच हाती नव्हते. ते साधन विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डब्लिन येथील बिअरच्या एका कारखान्यात, बार्लीच्या आणि हॉप्सच्या नमुन्यांच्या टंचाईतून तयार झाले. आणि त्याचा इतिहास चाळताना मला राहून राहून वाटते की, ही टंचाईच त्याची खरी जननी होय.

त्या साधनावाचून थोरामोठ्यांचेही कसे अडत होते, याचा दाखला चार्ल्स डार्विनच्या १८७६ सालच्या ग्रंथात सापडतो. वनस्पतींचे परपरागण आणि स्वपरागण यांचे परिणाम हा त्या ग्रंथाचा विषय. मक्याचे एक रोप परपरागणाच्या बियाण्याचे आणि एक स्वपरागणाच्या बियाण्याचे, दोन्ही एकाच वेळी रुजलेली, अशी जोडी करून ती एकाच कुंडीच्या समोरासमोरच्या बाजूंना लावायची, अशा रीतीने डार्विनने चार कुंड्यांत पंधरा जोड्या वाढवल्या आणि रोपांची उंची इंचाच्या अष्टमांशापर्यंत मोजली. पहिल्या जोडीत परपरागणाचे रोप साडेतेवीस इंच, त्याचा जोडीदार सतरा इंच आणि तीन अष्टमांश. दुसऱ्या जोडीत मात्र पारडे उलटे फिरलेले, परपरागणाचे रोप बारा इंचांवर खुंटलेले आणि दुसरे वीस इंचांच्या वर गेलेले. पंधरापैकी तेरा जोड्यांत परपरागणाचे रोप सरस ठरले. दोन्ही सरासऱ्यांतील तफावत सुमारे २.६ इंच भरली. एवढ्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे ठरवण्यासाठी डार्विनने आपले आकडे फ्रान्सिस गॉल्टनपुढे ठेवले. गॉल्टनने दोन्ही बाजूंची रोपे उंचीच्या क्रमाने नव्याने मांडली, त्यांत त्याला समाधानकारक नियमितपणा दिसला. पण असे करताना एका कुंडीत, एका मातीत, एका उजेडात वाढलेल्या जोडीदारांची फारकत झाली आणि डार्विनने एवढ्या कष्टाने बांधलेली तुलनेची गाठच सुटली. इतक्या थोड्या रोपांवरून पक्का निर्णय देण्याची रीत त्या काळी गॉल्टनसारख्या विचक्षण पुरुषालाही अवगत नव्हती. ते आकडे तसेच एकोणसाठ वर्षे पडून राहिले. त्यांच्याकडे आपण पुढे परत येऊ.

गिनेस या कारखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक दूरदर्शी धोरण स्वीकारले होते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथून विज्ञानाचे तरुण पदवीधर आणून त्यांच्या हाती मद्यनिर्मितीचा कारभार द्यावा, असे ते धोरण. त्यानुसार १८९९ साली विल्यम सीली गॉसेट हा तेवीस वर्षांचा तरुण डब्लिनला रुजू झाला. कँटरबरी त्याची जन्मभूमी, शिक्षण विंचेस्टर आणि ऑक्सफर्डचे न्यू कॉलेज येथे, विषय गणित आणि रसायन. कारखान्यात त्याच्यासमोर जे प्रश्न आले ते दिसायला साधे होते: या जातीची बार्ली त्या जातीहून सरस आहे काय, या हॉप्समध्ये त्या हॉप्सपेक्षा राळ अधिक आहे काय, अमुक खताने उतारा वाढतो काय. अडचण इतकीच की, प्रत्येक प्रयोगाला जमीन लागे, एक हंगाम लागे, पैसा लागे. आणि एवढे करून हाती येत ते चार, सहा, फार तर दहा आकडे.

सांख्यिकीचे तत्कालीन शास्त्र मोठ्या नमुन्यांचे शास्त्र होते. शेकडो किंवा हजारो मोजमापे हाताशी असली म्हणजे त्यांच्यातील विखुरण्याचे माप, ज्याला आपण प्रमाण विचलन म्हणतो, ते जवळजवळ निश्चित मानता येते आणि मग घंटाकृती वक्राच्या कोष्टकावरून योगायोगाची शक्यता वाचता येते. पण चार आकड्यांवरून काढलेले विचलन स्वतःच डळमळीत असते. ज्या गजाने मोजायचे तो गजच आखूड-लांब होत असेल, तर मोजलेल्या कापडाविषयी खात्रीने बोलणे धाडसाचे ठरते. हे गॉसेटने ओळखले. १९०४ साली त्याने कारखान्याच्या अंतर्गत उपयोगासाठी त्रुटिनियमाविषयी एक अहवाल लिहिला आणि गणितज्ञांचा सल्ला घेणे आवश्यक आहे, असे वरिष्ठांना कळवले. पुढच्या वर्षी तो कार्ल पिअर्सनला भेटला आणि १९०६ ते १९०७ या काळात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पिअर्सनच्या प्रयोगशाळेत राहून त्याने आपल्या प्रश्नाचा पाठपुरावा केला. पिअर्सन हा त्या शास्त्राचा अधिपती होता. त्याने मदत मनापासून केली, परंतु लहान नमुन्यांचे महत्त्व त्याला कधीच फारसे पटले नाही. ज्याच्या दप्तरात हजारो कवट्यांची आणि हाडांची मापे रचलेली, त्याला चार आकड्यांवर अडून बसलेल्या माणसाची निकड जाणवू नये, हे मला स्वाभाविकच वाटते.

गॉसेटने आपला निष्कर्ष गणिताने काढला, काही दुवे मात्र सिद्धतेवाचून अनुमानाने जोडले. आणि ते अनुमान ताडून पाहण्यासाठी जो खटाटोप केला तो वाचताना त्या माणसाविषयी आदर दाटून येतो. डब्ल्यू. आर. मॅकडोनेल याने प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात तीन हजार कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी नोंदलेली होती. गॉसेटने ती मापे तीन हजार पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर उतरवली, ते पत्ते चांगले पिसले, एकेक काढून त्याच क्रमाने वहीत नोंदले आणि चार-चारांचा एक असे साडेसातशे नमुने केले. मग प्रत्येक चौकडीची सरासरी, प्रत्येक चौकडीचे विचलन, आणि त्या दोहोंचे गुणोत्तर. कागद, पेन्सिल आणि हाताने फिरवायचे गणितयंत्र यांपलीकडे साहित्य नाही. साडेसातशे गुणोत्तरांचा जो आकार कागदावर उमटला तो त्याच्या सूत्राशी जुळला: मधोमध घंटाकृती वक्रासारखाच, पण दोन्ही टोकांना शेपूट अधिक जाड. लहान नमुन्यात योगायोगाने मोठी तफावत दिसण्याचा संभव जुने कोष्टक सांगते त्याहून जास्त असतो, हा त्या जाड शेपटीचा अर्थ; आणि नेमका किती जास्त, हे गॉसेटने प्रथम सांगितले.

हा लेख ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात १९०८ साली प्रसिद्ध झाला. धंद्यातील गुपिते फुटू नयेत म्हणून नोकरांनी आपल्या नावाने काही छापू नये, असा कारखान्याचा दंडक होता. म्हणून लेखाखाली नाव पडले ‘स्टुडंट’. केशवसुत आणि गोविंदाग्रज यांना टोपणनावानेच ओळखणाऱ्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. पण एका शास्त्राची पायाभूत कसोटी ‘विद्यार्थ्याची कसोटी’ या नावाने कायम व्हावी, यात मला त्या माणसाच्या वृत्तीचे यथार्थ प्रतिबिंब दिसते.

त्या लेखात उदाहरणादाखल दिलेले दहा रुग्णांचे आकडे आजही पाठ्यपुस्तकांतून फिरतात. झोप आणणारी दोन औषधे एकाच रुग्णाला निरनिराळ्या वेळी देऊन प्रत्येकाने किती तास अधिक झोप लागली, याची नोंद कश्नी आणि पीबल्स या दोघांनी १९०५ साली केली होती. पहिल्या औषधाने सरासरी ०.७५ तास झोप वाढली, दुसऱ्याने २.३३ तास, तफावत १.५८ तासांची. आता हे आकडे दोन रीतींनी पाहता येतात. दहा जण एका गटातले आणि दहा जण दुसऱ्याच गटातले असे समजून चालले, तर प्रत्येक गटातील माणसामाणसांतील फरक इतका मोठा भरतो, की १.५८ ची ही तफावत तिच्या स्वतःच्या प्रमाण त्रुटीच्या जेमतेम १.८६ पट ठरते. खात्रीसाठी ती २.१० पट तरी असावी लागते, म्हणजे दावा फेटाळला जातो. पण वस्तुतः दोन्ही औषधे त्याच माणसाने घेतली आहेत. एकाला मुळातच झोप कमी, दुसऱ्याला जास्त, हा भेद जोडीतल्या जोडीत वजाबाकी केली की निघून जातो: पाचव्या रुग्णाला दोन्ही औषधांचा उपयोग सारखाच नाही, नवव्याला पहिल्याने शून्य आणि दुसऱ्याने ४.६ तास. अशा दहा वजाबाक्या घेतल्या म्हणजे तीच तफावत आपल्या त्रुटीच्या ४.०६ पट होते, आणि दुसरे औषध सरस असण्याच्या बाजूने सुमारे ६६६ ला १ असा कौल स्टुडंटने दिला. आकडे तेच, सरासऱ्या त्याच, तफावतही तीच. ते गोळा कसे केले, एवढ्यावरून निवाडा पालटला. गॉल्टनने डार्विनच्या जोड्या मोडल्या तेव्हा काय गमावले होते, हे येथे डोळ्यांसमोर उभे राहते.

प्रसिद्धीनंतर बराच काळ या लेखाची वाच्यता कारखान्याच्या आवाराबाहेर फारशी झाली नाही. १९१२ साली केंब्रिजमधून रोनाल्ड फिशर नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणाचे पत्र गॉसेटला आले. दृष्टी अधू असल्यामुळे भूमितीच्या आकृती मनातल्या मनात उभ्या करण्याची सवय फिशरला लहानपणापासून जडली होती. त्या सामर्थ्याच्या बळावर त्याने नमुन्यातील प्रत्येक आकडा म्हणजे एक दिशा अशी कल्पना करून, अनेक मितींच्या अवकाशात स्टुडंटच्या सूत्राची निर्दोष सिद्धता दिली. गॉसेटला ती उमगली नाही, आणि तसे प्रांजळपणे सांगून त्याने ती पिअर्सनकडे धाडली. पुढे १९१९ साली रॉथॅमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात फिशर रुजू झाला. दोन स्वतंत्र नमुन्यांच्या सरासऱ्यांची तुलना करण्यासाठी दोहोंतील विखुरणे एकत्र करून एकच माप काढावे, आणि आकड्यांच्या संख्येऐवजी त्यांतील खरोखर मोकळ्या राहिलेल्या आकड्यांची, म्हणजे स्वातंत्र्यमात्रांची, गणना करावी, ही व्यवस्था फिशरने लावली. १९२५ साली संशोधकांसाठी लिहिलेले त्याचे पुस्तक निघाले आणि गॉसेटची नवी कोष्टकेही त्याच साली छापून आली. वीस वेळांत एकदा योगायोगाने घडेल इतकी विरळ तफावत असली तर ती दखलपात्र मानावी, हा पाच टक्क्यांचा परिपाठ याच पुस्तकामुळे घरोघर पोहोचला. तो सोयीचा संकेत होता. त्याला पुढे कायद्याचे स्वरूप आले, ही गोष्ट मला नेहमीच खटकत आली आहे.

डार्विनचे मक्याचे आकडे फिशरने १९३५ साली प्रयोगरचनेवरील ग्रंथात पुन्हा हाती घेतले. जोड्या जशा होत्या तशा ठेवून त्याने वजाबाक्या घेतल्या. तफावत आपल्या त्रुटीच्या २.१४८ पट आली. पाच टक्क्यांची सीमा होती २.१४५. केवळ केसभर अंतराने डार्विन जिंकला! पण फिशर तेथे थांबला नाही. दोन्ही बियाणी समान गुणाची असतील, तर प्रत्येक जोडीत कोणते रोप कोणत्या बाजूला गेले ही निव्वळ नाणेफेक ठरते, आणि पंधरा नाणेफेकींचे ३२,७६८ प्रकार संभवतात. त्यांतील किती प्रकारांत डार्विनएवढी किंवा त्याहून मोठी तफावत दिसेल, हे त्याने मोजले. उत्तर आले १,७२६, म्हणजे शेकडा सव्वापाचच्या किंचित वर. घंटाकृती वक्राचे कोणतेही गृहीतक न घेता केलेली ही मोजणी आणि स्टुडंटचे कोष्टक ही दोन्ही एकमेकांच्या इतकी निकट यावीत, याहून बोलकी रुजुवात मला तरी ठाऊक नाही. दरम्यान यर्झी नेमान आणि कार्ल पिअर्सनचा पुत्र एगन यांनी १९३३ साली या निवाड्याला न्यायशास्त्रासारखी बैठक दिली; निर्दोषाला दोषी ठरवण्याची चूक आणि दोषीला सोडून देण्याची चूक, दोन्ही मोजून मगच कसोटी निवडावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. फिशरशी त्यांचा जो वाद जुंपला तो अखेरपर्यंत मिटला नाही.

या साऱ्या कालखंडात गॉसेटने दोन्ही पक्षांशी स्नेह राखला, आणि कोष्टकाने काय सांगता येते याहून काय सांगता येत नाही, याचे भान त्यानेच अधिक ठेवले. १९३० साली स्कॉटलंडमधील लॅनार्कशायर परगण्यात शाळकरी मुलांवर दुधाचा एक अवाढव्य प्रयोग झाला. सदुसष्ट शाळा, वीस हजार मुले. दहा हजारांना फेब्रुवारीपासून जूनपर्यंत रोज पाऊण पाइंट दूध, उरलेल्या दहा हजारांना काही नाही. आरंभी आणि अखेरीस प्रत्येकाचे वजन आणि उंची. संख्येच्या दृष्टीने याहून भक्कम तुलना कोणती? स्टुडंटने १९३१ साली ते आकडे तपासले, तो दूध न मिळालेली मुले आरंभीच वजनाने तीन महिन्यांनी आणि उंचीने चार महिन्यांनी पुढे असल्याचे आढळले. कारण उघड होते. निवड चिठ्ठ्यांनी किंवा आद्याक्षरांनी करावयाची होती, पण एखादा गट फारच धडधाकट अथवा फारच हडकुळा वाटला तर अदलाबदल करण्याची मुभा शिक्षकांना दिलेली होती; आणि समोर उभ्या असलेल्या खप्पड गालांच्या पोराला दुधाच्या रांगेत सरकवण्याचा मोह कोणत्या शिक्षकाला आवरला असता? शिवाय वजन अंगावरच्या कपड्यांसकट घेतले होते. फेब्रुवारीतले जाड कपडे जूनमध्ये सुखवस्तू घरच्या मुलांनी उतरवले, गरिबाच्या मुलाला मात्र बदलायला दुसरे कपडेच नसावेत, असा स्टुडंटचा तर्क होता. म्हणजे तागडीत दुधाबरोबर सदराही तोलला गेला. त्याऐवजी एकसारख्या जुळ्यांच्या पन्नास जोड्या घेतल्या असत्या, प्रत्येक जोडीत एकाला दूध दिले असते, तर खर्चाच्या शेकडा एक-दोन हिश्श्यात अधिक भरवशाचे उत्तर मिळाले असते, असे त्याने दाखवून दिले. वीस हजारांवर पन्नास जोड्या भारी! डार्विनच्या कुंड्या, झोपेचे दहा रुग्ण आणि ही जुळी मुले यांच्यामधून एकच धागा ओवलेला आहे, आणि तो ओवणारा हात बार्लीच्या शेतात तयार झाला होता. १९३७ च्या ऑक्टोबरात गॉसेट निवर्तला.

एक गाठ मात्र मागे राहिली. दोन समष्टींतील, म्हणजे नमुने जेथून घेतले त्या दोन पूर्ण समूहांतील, विखुरणे समान आहे असे मानले तर फिशरची व्यवस्था चालते. ते असमान असेल तर? बेरेन्स या जर्मन संशोधकाने १९२९ साली याचे एक उत्तर सुचवले, १९३५ साली फिशरने आपल्या निराळ्या तर्कपद्धतीने त्याला दुजोरा दिला, आणि बार्टलेटने त्यावर पुढच्याच वर्षी आक्षेप घेतला. याच सुमारास सातारा जिल्ह्यातील बुध या गावचे आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संशोधन करीत होते. पिअर्सनच्या निवृत्तीनंतर तेथील विभागाचे दोन भाग होऊन एक एगन पिअर्सनकडे आणि दुसरा फिशरकडे गेला होता, आणि दोन्ही गटांच्या चहाच्या वेळादेखील वेगळ्या होत्या. अशा वातावरणात राहून पक्षाभिनिवेशात न गुंतता काम करणे सोपे नव्हे. बेरेन्स आणि फिशर यांची कसोटी कितीही वादग्रस्त असो, कोष्टकावाचून ती कोणालाच वापरता येईना. ते कोष्टक सुखात्मे यांनी गणून सिद्ध केले आणि कलकत्त्याहून महालनोबिस काढीत असलेल्या ‘सांख्य’ या नियतकालिकात १९३८ साली प्रसिद्ध केले. दोन नमुन्यांच्या त्रुटींचे गुणोत्तर एका कोनाच्या रूपाने घ्यावयाचे, शून्यापासून नव्वद अंशांपर्यंत पंधरा-पंधरा अंशांच्या पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही नमुन्यांच्या स्वातंत्र्यमात्रांप्रमाणे वेगवेगळी सीमा: एकेका घरामागे किती दिवसांचे गणित असेल, याची कल्पना त्या काळच्या हातयंत्रावर बसलेल्यालाच यावी. बी. एल. वेल्चने त्याच साली दुसरी वाट काढली, १९४७ साली ती अधिक रुंद केली, आणि आज संगणकावर बहुधा तिचाच अवलंब होतो.

सुखात्मे मायदेशी परतल्यावर कृषिसंशोधनाच्या अखिल भारतीय परिषदेत आले. गावच्या पिकाचा अंदाज नजरपाहणीने रुपयात इतके आणे असा बांधायचा, ही आणेवारीची पद्धत तेव्हा सर्वत्र चालू होती. इंदूरच्या वनस्पतिसंशोधन संस्थेतील व्ही. जी. पानसे आणि सुखात्मे यांनी तिच्या जागी यादृच्छिक निवडीने पीककापणी करण्याची रीत घालून दिली. या दोघांनी शेतीच्या कार्यकर्त्यांसाठी लिहिलेले सांख्यिकीचे पुस्तक १९५४ साली निघाले, आणि स्टुडंटची कसोटी आपल्याकडील कृषिपदवीधरांच्या पिढ्या त्याच पुस्तकातून शिकल्या. पीककापणीच्या त्या रीतीत गावातले शेत यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून निवडायचे, शेताच्या ठरावीक कोपऱ्यापासून लांबीच्या बाजूने किती पावले आणि रुंदीच्या बाजूने किती पावले, हेही तक्त्यावरूनच ठरवायचे. पाऊल जेथे पडेल तेथे पहिली खुंटी, मग तेहतीस फूट बाय साडेसोळा फूट अशी दोरी ताणायची. खुंटी बांधालगतच्या वाळक्या ओळीत आली तरी ती हलवायची नाही, आणि भरदार कणसांत आली तरी हलवायची नाही. दोरीच्या आतले पीक कापून, झोडून, उफणून, वजन करून त्याची नोंद व्हायची.